पाट्याला टाकी लावून देणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

काल आईचं वर्षश्राद्ध झालं. पानातली आमसुलाची चटणी तुम्ही टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून खडबडीत करून दिलेल्या पाट्यावर वाटली. माझा भाऊ जेवताना काही बोलला नाही, फक्त चटणी तीनदा मागून घेतली. पाहुणे गेल्यावर भांडी तशीच ठेवली आणि आधी हे लिहायला बसले. तुमचा नातू मोबाइलवर सगळं वाचून दाखवतो असं तुम्ही म्हणाला होतात, त्याच्या भरवशावर लिहिते आहे. तुमचं नाव मात्र इथे घालत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय ते चारचौघांत मांडणं मला बरं वाटत नाही.

हा पाटा आमच्या साताऱ्याच्या घरातला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीच्या कट्ट्याला लागून असायचा. घरात मिक्सर आला तरी आईनं पाटा हलवला नाही. इडलीचं पीठ आणि दाण्याचं कूट मिक्सरमध्ये, पण ओल्या खोबऱ्याची चटणी, मिरचीचा खर्डा आणि रविवारच्या रश्श्याचं वाटण पाट्यावरच. मिक्सरचं पातं खोबरं कापतं, पाट्यावर ते चिरडतं आणि तेल सुटतं, एवढा साधा हिशेब होता तिचा. कांदा-खोबरं भाजून गार होईपर्यंत ती पाटा धुऊन घ्यायची, मग एक पाय दुमडून बसायची आणि शेवटी पाट्यावर पाण्याचा हात फिरवून ते पाणीसुद्धा रश्श्यात ओतायची. शेवटचं वाटण निपटायला तिच्या बोटांना जी सवय होती, ती मला अजून जमत नाही.

माझ्या मुलीची पाचवी याच पाट्या-वरवंट्यावर पुजली. बारशाला वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला, तेव्हा ते इवलं टोपडं आईनं आपल्या जुन्या खणाच्या चोळीचं शिवलं होतं. ते माझ्याकडे आहे. एवढं सगळं तुम्हाला त्या दिवशी सांगायचं राहिलं, कारण तुम्ही काम करत होतात आणि मला नीट बोलता येत नव्हतं.

आई गेली, साताऱ्याचं घर आवरायला घेतलं, तेव्हा पाटा हे सगळ्यांना ओझं वाटलं. साड्या वाटल्या, भांडी वाटली, पाट्याकडे बघून प्रत्येकजण म्हणाला, हा कशाला? कुणी म्हणालं तुळशीपाशी ठेवा, कुणी म्हणालं पायरी करा. एका ओळखीच्यांनी तर हॉटेलात शोभेला ठेवायला विकत मागितला. बाहेर फलक लावायचा, ‘पाट्यावरचं वाटण’, आणि आत मशीन. मी पाटा पुण्याला आणला.

वर्षानुवर्षं टाकी न लागल्यानं तो अगदी गुळगुळीत झाला होता. खोबरं वाटलं जाईना, नुसतं वरवंट्यापुढे लोळायचं. टाकीवाल्या पूर्वी दारावर यायच्या, आता सोसायट्यांच्या गेटमधून आत कोण सोडतं? म्हणून मी तो एका फरशीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, ग्राइंडर मारून एकदम प्लेन करून देतो. मी म्हटलं, प्लेन नको आहे, उलट खडबडीत हवा आहे. तो हो हो म्हणाला आणि पाटा ठेवून घेतला. चकरा झाल्या, फोन झाले. शेवटी गेले तर आईचा पाटा दुकानाबाहेर, त्यावर सिमेंट कालवलेलं, आणि एक कोपरा उडालेला. वर तो माणूस मला सांगतो, “मॅडम, दगडच आहे, त्याला काय होतंय?” पाटा ठेवून घेतल्याचे पैसेही त्यानं मागितले. ते मी दिले नाहीत. रिक्षात पाटा मांडीवर घेऊन घरी आले आणि बाल्कनीत पाण्यानं, काथ्यानं घासून सिमेंट काढत बसले.

त्या माणसावर माझा अजून राग आहे. त्याला पाट्याचं काम येत नव्हतं, याबद्दल तक्रार नाही. येत नाही म्हणून सांगायचं होतं. दुसऱ्याची वस्तू दाराबाहेर टाकून तिच्यावर सिमेंट कालवायला मन धजतं कसं, हे मला कळत नाही.

आणि मग तुम्ही भेटलात. भाजी मंडईच्या तोंडाशी फूटपाथवर खलबत्ते, छोटे पाटे, दिवे मांडून तुम्ही आणि तुमची सून बसला होतात. मी विचारलं, टाकी लावता का? तुम्ही म्हणालात, “लावते की. पाटा कुठं हाय? जड आसंल, मीच येते.”

त्यानंतर आमच्या गेटवर जे झालं त्याची मला लाज वाटते. वॉचमननं तुम्हाला अडवलं, वहीत लिहायला लावलं, पिशवी उघडून छिन्नी-हातोडी बघितली, आणि लिफ्टनं जाऊ नका म्हणाला. मी खाली येईपर्यंत तुम्ही उन्हात उभ्या होतात. ज्यानं आईच्या पाट्याचं वाटोळं केलं, त्याच्या दुकानात मला खुर्ची मिळाली होती. तो पाटा जिनं जिवंत केला, तिला आमच्या दारात सावलीसुद्धा नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांचं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, त्यातून हा काळा बेसॉल्ट झाला, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तुम्ही पाट्यावर हातोडीचा दांडा एकदा आपटलात, कान दिलात आणि म्हणालात, “खणखणीत हाय. आतनं चिरलेला न्हाई.” उडालेल्या कोपऱ्यापासून भेग आत गेली असेल या भीतीनं मी किती रात्री नीट झोपले नव्हते, आणि तुम्ही एका ठोक्यात ती काढून टाकलीत. घरांचे पाये, रस्ते, धरणं यांचा दगड तुमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या फोडला आहे. तुमच्या हातातलं ज्ञान कुठल्या पुस्तकात वाचून येणार?

पण हे पत्र लिहिण्याचं कारण ते नाही. कारण पुढचं आहे.

मला वाटलं होतं तुम्ही लगेच ठोकायला बसाल. तुम्ही आधी हात धुतलेत. पदराला पुसलेत. मग वरवंटा दोन्ही टोकांना धरून कोरड्या पाट्यावर सावकाश पुढेमागे फिरवलात, नुसताच, काहीही न वाटता. थांबलात. पुन्हा फिरवलात. वरवंट्याच्या डाव्या टोकावरून अंगठा फिरवलात, मग उजव्या. आणि मला विचारलंत, “ताई, आई डाव्या हातानं जोर लावायच्या का गं?”

मी दारात उभी होते, तिथेच खाली बसले.

मी शाळेत असताना आई मोरीत घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हात पूर्वीसारखा वळलाच नाही. तिनं कधी कुरकुर केली नाही. पोळ्या लाटल्या, धुणी पिळली, आल्यागेल्याचं केलं, आणि घरातले आम्ही सगळे ते विसरलो. पुढे दवाखान्याच्या फायली झाल्या त्या सगळ्या शेवटच्या आजाराच्या. त्या मनगटाचा एक कागदसुद्धा घरात उरलेला नाही. त्या हाताचं दुखणं तिनं किती वर्षं डाव्या हातावर पेललं, हे वरवंट्याच्या एका टोकाच्या झिजेवरून तुम्ही ओळखलंत. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुमच्या अंगठ्याला ती कळली.

मी कसंबसं हो म्हटलं. तुम्ही सुनेशी तुमच्या बोलीत काहीतरी बोललात, तिनं मला पाण्याचा तांब्या दिला, माझ्याच घरातला. आणि तुम्ही म्हणालात, “ही दोन टोकं मी धरत न्हाई. मधल्या अंगाला मारते. पाटाबी डावीकडं खोल गेलाय, तो सपाट करायचा न्हाई. आईनं केलेला घास हाय त्यो. तुमचा हात बसंल त्यात हळूहळू.”

एवढंच. मग टाकीचा आवाज सुरू झाला, ठक ठक ठक, एका लयीत, आणि काळ्या दगडावर पांढरे ठिपके रांगेनं उमटत गेले. दगडाची कणी उडून डोळ्यात जाईल म्हणून माझ्या मुलीला तुम्ही लांब बसवलंत. उडालेल्या कोपऱ्याची धार लागू नये म्हणून न सांगता ती मारून गोल केलीत. निघताना बजावलंत, आधी जाडं मीठ आणि तांदूळ वाटून फेकून द्यायचे, पाणी करडं यायचं थांबेपर्यंत, मगच खोबरं. तसंच केलं. पैसे तुम्ही सांगितले तेवढेच मोजून घेतलेत, कष्टाचे पैसे ताठ मानेनं, ते मला फार आवडलं.

मावशी, विचारून हात लावणारी माणसं हल्ली मला लगेच ओळखू येतात, कारण गेलं वर्षभर न विचारता हात लावणारी फार भेटली. आईचं कपाट उघडून “हे लागणार नाही ना तुला?” म्हणत पिशव्या भरणारी. तेराव्याच्या आधी घराच्या किमतीची चौकशी करणारी. त्या सगळ्यांत वेगळा असा तो दवाखान्यातला पोरगा आठवतो, वीस-बावीस वर्षांचा. आई गेली त्या पहाटे तिच्या हातातल्या बांगड्या काढायच्या होत्या, तर तो मला म्हणाला, “ताई, तुम्ही काढता की मी काढू? मी काढल्या तर पिचू देणार नाही.” त्याचं नाव विचारण्याचं भान मला तेव्हा नव्हतं. तो आणि तुम्ही, दोघांना कुणी हे शिकवलेलं नाही, आणि दोघांनाही ते पुरतं येतं. समोरचा दगड असो की देह, तो कुणाचा तरी आहे, एवढं ज्याला कळतं त्याच्या हाती मी काहीही सोपवीन.

मुलगी आता शनिवारी मागे लागते, मी वाटते म्हणून. तिचा हात अजून इवलासा आहे, वरवंटा दोन्हीकडे धरायला पुरत नाही. मी तिच्या मागे बसून एक टोक धरते. डावं.

आता कामाचं सांगते. आमच्या मजल्यावरच्या आजींचा पाटा आणि वरच्या काकूंचा रगडा, दोन्हींना टाकी लावायची आहे. तुम्ही केलेला पाटा बघून दोघींनी विचारलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटचा विषय मी काढला. दोन-चार जण कुरकुरले, पण सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितलं आहे. तुम्ही याल तेव्हा लिफ्टनं वर यायचं. दिवाळीच्या आधी आलात तर बरं, काकूंना चकलीची भाजणी झाल्यावर वेळ नसतो. सुनेलाही आणा. जेवण आमच्याकडेच करायचं, पाट्यावरचा खर्डा आणि भाकरी करीन.

तुमची,
डाव्या घासाच्या पाट्याची ताई