विषय: नाटकात करिअरसाठी विकलेल्या ऑनलाइन गाइडमधली चुकीची माहिती आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

माझ्या धाकट्या भावासाठी मी तुमचं नाटकात करिअर करायचं गाइड घेतलं, ४,९९९ रुपये भरून. जाहिरातीत होतं की तपासून घेतलेले १०० ऑनलाइन रिसोर्सेस मिळतील, रेकॉर्डेड क्लासेस मिळतील आणि एका अनुभवी रंगकर्मीशी फोनवर बोलता येईल. आम्ही दोघांनी बसून ते सगळं बघितलं आणि मगच हे लिहितेय. मला पैसे परत हवेत, पण त्याआधी ती यादी बंद करा, कारण ती वाचून आत्ता अजून कुठलं तरी पोर आपलं पुढचं वर्ष ठरवत असेल आणि त्याला चुकीचं सांगितलं जातंय.

यादीत पहिलं नाव एनएसडीचं, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाचं आहे, ते ठीकच, १९५९ पासूनची संस्था आहे, कोणीही तेच नाव आधी घेईल. पण त्याखाली तुम्ही लिहिलंय "बारावी पास चालेल, अनुभवाची गरज नाही". अहो, त्यांच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला ग्रॅज्युएशन लागतं, किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, हिंदी आणि इंग्रजी कामापुरतं यावं लागतं, आणि हे काही गुपित नाहीये, त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. माझा भाऊ बी.कॉम.ला आहे. गणपतीत मंडळाच्या एकांकिका, कॉलेजचं यूथ फेस्टिव्हल, मित्राच्या ग्रुपचं एक गुजराती नाटक, असं त्याने बरंच केलंय, पण पुरावा म्हणून काय आहे आमच्याकडे? एक चुरगळलेलं ब्रोशर, ज्यात त्याचं नाव शेवटच्या ओळीत बॅकस्टेजच्या मुलांमध्ये आलंय, आणि मोबाइलवरचे चार अंधारलेले फोटो. तुमच्या यादीवर विश्वास ठेवून तो निवांत राहिला असता आणि ग्रॅज्युएट झाल्यावर फॉर्म भरायला बसला असता तेव्हा कळलं असतं. मीच साइटवर जाऊन वाचलं म्हणून आता तो मंडळाच्या लोकांकडून, दिग्दर्शकांकडून लिहून घेत फिरतोय. हे काम तुमच्या गाइडने पहिल्या पानावर सांगायला हवं होतं, त्याचेच तर पैसे घेतलेत ना तुम्ही.

आणि त्या नावावर क्लिक केलं तर एनएसडीची साइट उघडतच नाही, कुठल्या तरी खासगी कोचिंगचा फॉर्म उघडतो, आधी मोबाइल नंबर टाका म्हणून. भावाने टाकला, त्याच संध्याकाळपासून ॲडमिशन घ्या ॲडमिशन घ्या म्हणून फोन सुरू झाले ते अजून चालूच आहेत. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. मुलगा मनापासून काही शिकायला बघतोय आणि तुम्ही त्याचा नंबर दुसऱ्यांच्या हातात देताय.

स्कॉलरशिपचंही तेच. तुम्ही लिहिलंय की सरकार तरुण कलाकारांना महिन्याला ५,००० रुपये देतं, दोन वर्षं. योजना खरी आहे, संस्कृती मंत्रालयाची आहे, १८ ते २५ वयासाठी आहे. पण गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं ही अट तुम्ही सरळ गाळलीत. घरात आईने तर हिशोबसुद्धा मांडला होता की एवढे महिन्याला आले तर क्लासची फी निघेल. अट गाळून माहिती देणं म्हणजे माणसाला उगाच आशेला लावणं, आणि आमच्यासारख्या घरात ५,००० रुपये ही छोटी गोष्ट नाही.

आता बडोद्याचं. गुजरात म्हणून जे पान आहे त्यात अहमदाबादच्या एका फिल्म ॲक्टिंग क्लासचं नाव आणि बस. सयाजीराव महाराजांनी गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय दिला ते हे गाव, आणि इथे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत ड्रामॅटिक्सचा अख्खा विभाग आहे, बॅचलरपण होतं, मास्टर्सपण होतं, सूरसागरजवळ, आमच्या दांडिया बाजारातून चालत जाता येतं. तिथल्या फीची तुमच्यासारख्यांच्या कोर्सेसशी तुलनाच करू नका. हा विभाग तुमच्या शंभरात नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र नाही, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स नाही. एनएसडीची दिल्लीबाहेरही केंद्रं आहेत, वाराणसीला आहे, बंगळुरूला आहे, त्यांचा पत्ताच नाही. मग शंभर कशाने भरलेत? पोर्टफोलिओ शूट करणारे स्टुडिओ, कास्टिंगचे व्हॉट्सॲप ग्रुप, आणि बऱ्याच लिंक तर उघडतच नाहीत.

क्लासेस बघितले. सगळे कॅमेऱ्यासमोरचे. आवाजाच्या क्लासमध्ये सर कॉलरला माइक लावून हळूच बोलतायत, आणि माझ्या भावाला इथल्या गांधी नगरगृह नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांपर्यंत शब्द पोचवायचाय. श्वास कुठून घ्यायचा, वाक्याचा शेवट गिळायचा नाही, स्टेजवर पाठ वळली तर आवाजाचं काय करायचं, एक अक्षर नाही. हे तो शेवटी लंडनच्या नॅशनल थिएटरच्या यूट्यूब चॅनलवर आवाजाचे वॉर्मअप बघून रोज गच्चीवर करतोय, फुकट. संगीत नाटक अकादमीच्या चॅनलवर जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत, तीही फुकट. पैसे घेऊन यादी करायची तर निदान ह्या दोन गोष्टी तरी त्यात हव्या होत्या की नाही? आणि तो रंगकर्मीचा फोन अजून आलेला नाही.

गाइड घेताना स्क्रीनवर "ऑफर संपायला १४ मिनिटं" असं उलटं घड्याळ पळत होतं म्हणून मी घाईत पैसे भरले, दुसऱ्या दिवशी बघितलं तर तेच घड्याळ परत १४ मिनिटांवर. अशी खोटी घाई दाखवणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून पैसे भरायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्धच्या, नियमांत बसत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. आणि रिफंड मागितला तर तुमच्या चॅटवरच्या मुलीने सांगितलं की डिजिटल प्रॉडक्टला रिफंड नाही, पण तुम्हाला पोर्टफोलिओ शूट १५,००० ला डिस्काउंटमध्ये देऊ. तिच्यावर माझा राग नाही, तिला जे लिहून दिलंय ते ती बोलते, पण हे लिहून देणाऱ्याने उत्तर द्यावं.

माझे ४,९९९ रुपये पूर्ण परत करा, भावाचा नंबर ज्यांना ज्यांना दिलाय त्यांच्याकडून काढायला लावा, आणि ती यादी नाटकात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घेईपर्यंत विकू नका. ज्यांनी आधीच घेतलीय त्यांना एनएसडीच्या आणि स्कॉलरशिपच्या खऱ्या अटी मेल करून कळवा, हे माझ्या पैशांपेक्षा लवकर करा, कारण कोणाचं वय निघून जातंय तर कोणाची फॉर्मची तारीख. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आहे आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पैसे भरल्याची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि त्या घड्याळाचे दोन दिवसांचे फोटो सोबत जोडलेत. फोन करू नका, मेलवरच उत्तर द्या.

तुमची ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदा