जाग्या बाळाला पालथे ठेवायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्यसेविका म्हणून लसीकरणाचे काम करताना, आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारची तान्ही बाळे पाहतानाही, एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. बाळाचे वजन, दूध, लस, घुटी द्यावी की देऊ नये, या सगळ्याची चौकशी घरोघरी होते. पण जागे असलेले बाळ रोज काही वेळ पालथे ठेवायचे असते, हे फार थोड्या आयांना कोणी सांगितलेले असते. पाळण्यातून झोळीत, झोळीतून मांडीवर आणि मांडीवरून पुन्हा अंथरुणावर, असा बाळाचा बहुतेक दिवस उताणे पडूनच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या हालचाली आणि झोपेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ज्या बाळाला अजून स्वतःहून सरकता-रांगता येत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर ठेवावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हा अर्धा तास एका दमात पुरा करायचा नाही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, एवढे पुरते. बाळ रुळेल तसा वेळ वाढवत न्यावा. पालथ्या बाळाला समोरचे पाहायचे तर डोके उचलावेच लागते आणि त्या धडपडीत मान, खांदे, पाठ व दंड यांना बळ येते. कुशीवर वळणे, बसणे, रांगणे या पुढच्या साऱ्या गोष्टींना हेच बळ लागते. शिवाय डोक्याच्या मागच्या भागावर सतत येणारा दाब तेवढा वेळ हटतो. डोके चपटे होऊ नये म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात; परंतु झोपलेल्या बाळाजवळ कोणतीच उशी असू नये, आणि डोक्याला आकार देण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२२ मध्ये दिला आहे.

‘अजून मान धरत नाही, आत्ताच पालथं कशाला घालता?’ हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे, आणि त्यामागची काळजी खरी आहे. परंतु मान धरेपर्यंत थांबायचे नसते, कारण मान धरायला बाळ शिकते ते मुख्यतः असे पालथे राहूनच. आपल्या जुन्या पद्धतीत हे आपसूक घडत असे. पाटावर पाय पसरून बसलेली बाई पाठीला तेल लावताना बाळाला पायांवर पालथे घेई आणि तेवढा वेळ बाळ डोके वर काढण्याची खटपट करी. (हातपाय खेचणे, नाकात-कानात तेल सोडणे हे घातकच, त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही.) आता अनेक घरांत अशी बाई येत नाही, आणि तिच्याबरोबर बाळाचा पालथे राहण्याचा तो वेळही गेला.

हे करायला विकतचे काहीच लागत नाही. अगदी पहिल्या दिवसांत आईने किंवा वडिलांनी मागे रेलून बसावे आणि बाळाला आपल्या छातीवर पालथे घ्यावे. पुढे जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर नीट ताणून घातलेली चादर पुरे. मऊ गादी, उशी किंवा सैल दुपटे जवळ नको. पाजल्यानंतर लगेच पालथे घालू नये, निदान अर्धा तास जाऊ द्यावा. बाळाची कोपरे खांद्यांच्या थोडी पुढे येतील असे हात मांडून द्यावेत आणि आपण त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर पडून बोलावे. दीड महिन्याचे बाळ आधी गाल चादरीला घासते, मग मुठी आवळून डोके क्षणभर उचलते, ते डुगडुगते आणि पुन्हा टेकते. एवढ्याने ते थकते. कुरकुरले तर थोडे बोलून, खुळखुळा दाखवून पाहावे. रडू लागले तर उचलून घ्यावे, जबरदस्ती करू नये.

या सगळ्यात एक अट कधीही मोडायची नाही. बाळ पालथे असेपर्यंत मोठ्या माणसाची नजर त्याच्यावरून हलता कामा नये. फोन घ्यायला किंवा दूध उतू जाते म्हणून उठायचे असेल, तर आधी बाळाला उताणे करावे. डोळ्यांवर झोप आली तरीही तेच, कारण झोपवायचे ते नेहमी पाठीवरच. पालथ्या झोपलेल्या बाळांत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. अमेरिकेत १९९४ मध्ये उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायला हव्यात. अर्धवट सांगितले तर एखाद्या घरात बाळाला पालथेच झोपवतील, किंवा भीतीपोटी जागेपणीही पालथे घालणार नाहीत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. चार महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, किंवा मान कायम एकाच बाजूला वळवत असेल, तर वाट न पाहता दाखवून घ्यावे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. या घरोघरच्या नवजात बालसेवेची पायाभरणी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केली, ही आपल्या राज्याला अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतरची ठरलेली गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात असते, आणि मान धरू लागण्याचा काळ नेमका या दोहोंमधला आहे. तेव्हा ४२ व्या दिवसाच्या भेटीत आशाताईंनी हे हाताने करून दाखवावे, आणि सहा आठवड्यांच्या लसीला बाळ आले की केंद्रातही एक सतरंजी अंथरून ठेवावी, अशी आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. दाखवायचे ते लस टोचण्यापूर्वी, कारण नंतर बाळाची मांडी दुखत असते. सोबत आलेल्या आजीला किंवा वडिलांनाही त्याच वेळी जवळ बोलवावे. आई कामाला गेल्यावर बाळ त्यांच्याच हाती असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा