खोडलेल्या आकड्याबद्दल, काका, तुमचे आभार

प्रिय काका,

माझ्या गाडीचं इंजिन तुम्ही नव्याने बांधून दिलंत, पण तुमचं नाव लिहीत नाही. जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, हे या काही महिन्यांत नीट कळलंय. पण हे पत्र चारचौघांत लिहायचंच होतं, कारण ज्यांनी माझं इंजिन घालवलं त्यांनी मला चारचौघांतच वेड्यात काढलं होतं.

काल नव्या बांधणीनंतरचं पहिलं तेल बदललं. फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या, बोटाने चोळून चोळून पाहिल्या. काही नाही, नुसतं तेल. मागच्या वेळी, आधीचं इंजिन गेलं तेव्हा, अशाच घड्यांमध्ये झिजलेल्या धातूची चमकी होती. रांगोळीत मिसळतात तशी, बारीक आणि भरपूर. त्या दिवशी मी गाडीशेजारी जमिनीवरच बसलो होतो. कालही बसलो, पण काल डोळे भरून आले ते वेगळ्या कारणाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडी मित्सुबिशी एक्लिप्स, पहिल्या पिढीची, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारी. इंजिन ४जी६३, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ८८, एकूण १९९७ सीसी. त्याच्याच भावकीतल्या ४जी६४ चा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा, १०० मिलिमीटर स्ट्रोकचा असतो. तो घातला आणि बोअर ८५.५ केला की २२९७ सीसी होतात. तीनशे सीसी ऐकायला फार वाटत नाहीत, पण टर्बो जागा व्हायची वाट बघत बसावं लागत नाही. पाय दाबला की गाडी खालूनच उचलते. मला तेवढंच हवं होतं.

त्याची किंमत इंजिनाच्या आत मोजावी लागते. ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या सांगाड्याची उंची तीच, पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड तोच १५० मिलिमीटरचा, मग वाढलेला स्ट्रोक मावणार कुठे? पिस्टनची पिन ६ मिलिमीटर वर सरकवावी लागते. रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टनला भिंतीवर जास्त रेटतो. ७५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटर असतो, तो २५ होतो. कंपनीचं स्टॉक इंजिन एखादी हयगय पोटात घालतं, असं स्ट्रोक वाढवलेलं, म्हणजे स्ट्रोकर, घालत नाही.

यातलं एक अक्षर मला आधीच्या दोघांनी सांगितलं नाही. पहिल्याने इंजिन बांधलं. बेअरिंगचे क्लिअरन्स, म्हणजे क्रँक आणि बेअरिंगमधली तेलाची फट, किती ठेवलेत, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सगळं बरोबर आहे, टेन्शन घेऊ नका." जेमतेम दीड हजार किलोमीटर झाले आणि तिसऱ्या रॉडचं बेअरिंग गेलं. तेव्हा तोच म्हणाला, तुम्हीच बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, जास्त मारला असणार. दुसऱ्याने ते इंजिन उघडून ठेवलं, मोजायच्या मायक्रोमीटरला हातसुद्धा लावला नाही, आणि सांगितलं की स्ट्रोकर टिकतच नाहीत, नाद सोडा. पाच महिन्यांनी ब्लॉक परत आणला तेव्हा सिलिंडरमध्ये गंज चढला होता. साधं तेलाचं फडकं फिरवायची तसदी त्याने घेतली नव्हती. पैशांपेक्षा ते जास्त लागलं, काका. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे, तिला पावसाळी हवेत उघडं टाकू नये, हे कुणाला शिकवावं लागतं का?

तुमच्याकडे आलो तेव्हा खरं सांगतो, विश्वास उरला नव्हता. तुम्ही त्या दोघांबद्दल बरंवाईट काहीच बोलला नाहीत. गेलेला शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धी वाटी, खिडकीपाशी नेलात, उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "आकडे कुठायत याचे?" कुणी दिलेच नाहीत म्हटल्यावर मान हलवलीत आणि शेल कागदात गुंडाळून मला परत दिलात. "ठेवा. फेकू नका."

पुढे काय काय केलंत ते लिहीत बसत नाही. प्लेट आवळून केलेलं सिलिंडरच्या भिंतींचं होनिंग (बारीक घासकाम), रॉडचे बोल्ट घासू नयेत म्हणून ब्लॉकच्या खालच्या कडेला मारलेल्या त्या चार खाचा, त्यांच्या गुळगुळीत केलेल्या कडा... जाणकाराने हात फिरवला तर त्याला कळेल. मला लिहायचंय ते त्या पुठ्ठ्याबद्दल.

क्रँक न्यायला आलो तेव्हा त्याच्या टोकाला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलेला होता. बेअरिंगच्या खोक्याचं झाकण फाडून केलेला. त्यावर पेन्सिलने चार रॉडचे चार क्लिअरन्स, मिलिमीटरमध्ये. पहिला ०.०४६, दुसरा ०.०४८, चौथा ०.०४७. तिसऱ्यापुढे ०.०४८ लिहून खोडलेलं, शेजारी ०.०३१, तेही खोडलेलं, मग ०.०४७. आणि खाली तुमच्या तिरक्या अक्षरात: "माझी चूक. गेजचा झीरो सरकला होता. चारही पुन्हा मोजले. तिसऱ्याचा शेल बदलला."

मी ते वाचत उभा राहिलो. तोच तिसरा रॉड.

काका, ०.०३१ कुणाला दिसलं असतं? रॉड बसतो त्या क्रँकच्या ४५ मिलिमीटरच्या जर्नलवर मिलिमीटरच्या जेमतेम दीड शतांशाचा फरक. इंजिन सुरू झालं असतं, चाललंही असतं, आणि कधीतरी लांब सरळ रस्त्यावर पूर्ण बूस्टमध्ये तेलाचा थर तुटला असता. तेव्हाही मलाच वाटलं असतं की माझाच पाय जड आहे. तुम्ही गुपचूप शेल बदलून नवा पुठ्ठा लिहिला असता तरी काम तितकंच चोख झालं असतं. तरी तुम्ही जुना आकडा वाचता येईल असाच खोडलात. एक रेघ, बस.

मी विचारलं, हे लिहिलंत कशाला? तुम्ही हात पुसत म्हणालात, "इंजिन तुमचं आहे. त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत नको?"

कारागिरी शिकता येते, चांगली यंत्रं विकत घेता येतात. पण "माझी चूक" हे दोन शब्द कुणी मागितलेले नसताना लिहून देणारा माणूस मी कामाच्या ठिकाणी, दवाखान्यात, घरच्या बैठकीत, कुठेच फारसा पाहिला नाही. मीही तसा नव्हतो. गेल्या महिन्यात ऑफिसात एक हिशेब माझ्याकडून चुकला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत मीच जाऊन सांगितला. जाताना पुठ्ठा डोळ्यांसमोर होता, एवढंच कळवतो.

गाडी छान चालतेय. तीन हजार आरपीएमच्या आसपासच जोर धरते, आवाज एकसारखा आहे, तेलाचं प्रेशर गरम असतानाही पडत नाही. पुढच्या आठवड्यात आणतो, तुम्ही स्वतः चालवून बघा. कापलेला फिल्टरही आणतोय.

आणि परवा फोनवर तुम्ही म्हणालात ना, त्या पुठ्ठ्यावर तेल सांडलंय तर नवीन, स्वच्छ लिहून देतो? नको काका. जुना गेलेला शेल आणि तो पुठ्ठा मी एकाच डबीत ठेवलेत. खोडलेले दोन्ही आकडे अजून वाचता येतात.

तुमचा,
एक्लिप्सवाला