गुलाबावरच्या गाठी आणि नको ती फवारणी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुलाबाच्या फांदीवर पिंजलेल्या लोकरीसारखा लालसर गोळा दाखवणारे एक छायाचित्र बागप्रेमींच्या मोबाइलवर फिरत असते. 'गाठ दिसली की कीटकनाशक मारा' असा सल्लाही त्याखाली असतो. पुण्यात ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास हा सल्ला कोणी पाळला, तर पैसा जाईल, मधमाश्या मरतील आणि गाठ आहे तिथेच राहील.

चित्रातला गोळा खोटा नाही, पण तो युरोपातल्या रानगुलाबावरचा आहे. डिप्लोलेपिस रोझी ही जेमतेम ४ मिलिमीटरची गांधीलमाशी वसंतात पानांच्या न उघडलेल्या कोंबात अंडी घालते. अळ्या खाऊ लागल्या की झाड त्यांच्याभोवती पेशी वाढवत जाते. गोळ्यात अनेक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक अळी. तिकडची कडक थंडी अळ्या त्यातच काढतात आणि पुढच्या वसंतात माश्या बाहेर पडतात. त्यांत जवळपास सगळ्या माद्याच. वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे नराविना प्रजनन होते. उंबर फोडून पाहणाऱ्यांना गाठीत वाढणारा कीटक नवा नाही. उंबरातले किडेही चिमुकल्या गांधीलमाश्याच. युरोपातले माळी हा गोळा बहुतेक वेळा तसाच राहू देतात, कारण झाडाचे फारसे बिघडत नाही. नकोच असेल तर माश्या निघण्याआधी फांदी कापतात. वरून मारलेला फवारा आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडच्या कलमी गुलाबांवरची गाठ बहुधा निराळी असते. ती जमिनीलगत खोडावर, डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या, सांध्यावर किंवा जाड मुळांवर येते. सुरुवातीला फिकट आणि मऊ, पुढे तपकिरी, खडबडीत, लाकडासारखी टणक. हे काम ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूचे. ओळखायचे असेल तर गाठ चाकूने मधोमध कापावी. कप्पे आणि पांढरी, बिनपायांची अळी दिसली तर कीटक. आतून सलग भरीव असेल तर जिवाणू. सांध्यावर सगळीकडून सारखा, गुळगुळीत फुगवटा असेल तर तो कलम जुळल्याची खूण आहे, त्याला हात लावू नये. बारीक तंतुमुळांवर मण्यांएवढ्या गाठी असतील तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय घ्यावा.

जिवाणूच्या गाठीवर औषध का चालत नाही, हे एकदा समजून घ्यायला हवे. हा जिवाणू जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्यानंतर त्या पेशी स्वतःच संप्रेरके तयार करून वाढत सुटतात. ताम्रयुक्त औषधाने जिवाणू मेला तरी गाठ थांबत नाही. कापून काढली तरी पुष्कळदा पुन्हा येते, आणि कापताना हत्यार दूषित होते ते वेगळेच.

कुंडीतले रोप असेल तर मातीसकट काढून टाकावे. ते गांडूळखतात किंवा कंपोस्टमध्ये घालू नये. कुंडी घासून, १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास बुडवावी, मग धुऊन उन्हात वाळवावी. जमिनीतल्या वाफ्यात जिवाणू दोन वर्षांहून अधिक टिकू शकतो, म्हणून तिथे लगेच दुसरा गुलाब नको. निशिगंध लावावा, एकदलवर्गीय झाडांना हा रोग सहसा होत नाही.

खरी काळजी छाटणीत घ्यायची. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. ब्लीचही चालते, पण पाती गंजतात. वापरल्यास धुऊन तेलाचा हात फिरवावा. खुंटाचे (ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाचे) फुटवे हिसकून तोडू नयेत, आणि खुरपी बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावी. बुंध्याला खुरपीची जखम होते हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि जिवाणूला तेवढी वाट पुरते.

रोपवाटिकेतून गुलाब घेताना पाने-कळ्या बघण्याआधी पिशवीतली वरची माती बोटाने उकरून सांधा आणि बुंधा पाहावा. विकणारा माती उकरू देत नसेल तर रोप घेऊ नये.

आपले,
पुण्यातील काही गुलाब बागकर्मी