इथे सप्तर्षी मावळत नाहीत

ती. आई-बाबा यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय?" ड्यूटीची वेळ झाली होती, नीट सांगता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं बर्र ऑफली परगण्यात, आयर्लंडच्या जवळजवळ मधोमध. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना जॉर्जियन काळातली घरं, प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. पण तुम्हाला मी सगळ्यात आधी नेणार ती कॅसलच्या बागेत. तिथे दोन उंच दगडी भिंतींमध्ये एक अवाढव्य दुर्बीण आहे. तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स यांनी ती 1845 मध्ये उभी केली. नळी पन्नास फुटांहून लांब, आरसा 6 फूट व्यासाचा. आरसा काचेचा नव्हता, तांबं आणि कथील वितळवून ओतलेला होता. भट्टीला जळण इथल्याच दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा वाळवलेला थर. कामाला माणसंही गावातलीच, त्यांनी शिकवून तयार केलेली. 1917 पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती! भिंतींमुळे ती बाजूला फारशी वळत नाही. तारा समोर येईपर्यंत वाट बघायची.

दुर्बीण उभी राहिली त्याच वर्षी पार्सन्स यांना एम 51 या धूसर ठिपक्यात, म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेत, भोवऱ्यासारखी वळणं दिसली. अशी सर्पिल रचना आकाशात प्रथमच कुणी पाहिली. आणि बाबा, हा ठिपका आहे कुठे? सप्तर्षींतल्या शेवटच्या ताऱ्याच्या, मरीचीच्या शेजारी! ते वाचलं आणि मला आपली गच्ची, सतरंजी आणि अंधारात वर गेलेलं तुमचं बोट आठवलं. साताऱ्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर दिसतो, इथे 53 अंशांवर. त्यामुळे सप्तर्षी इथे मावळतच नाहीत. नाइट ड्यूटी करून पहाटे परतताना ते दिसले, की घरचं कुणीतरी जागं आहे असं वाटतं.

आई, तुला मेरी आवडेल, पार्सन्स यांची बायको. दुर्बिणीच्या खर्चाला तिच्या माहेरच्या संपत्तीचा मोठा आधार होता. फोटोग्राफी नवीन असतानाच ती स्वतः फोटो काढायची. 1845 मध्येच बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ सुरू झाला, तेव्हा लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून कॅसलभोवती खंदक खणायला घेतला. बाबा, तुम्ही बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांबद्दल सांगता ना, अगदी तसंच.

गावाबाहेर क्रिंकिलला ब्रिटिश सैन्याच्या लेन्स्टर रेजिमेंटची छावणी होती. 1922 मध्ये ती जाळली गेली. या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे कंपनी सरकारची जुनी मुंबईची गोरी पलटण, 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात असलेली. हे कळल्यावर त्या उरलेल्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी होते.

तर या. मात्र मे-जूनमध्ये नको, तेव्हा रात्र धड काळोखीच होत नाही. सप्टेंबरअखेर या. बाबा, गुडघ्याची काळजी करू नका, बागेत बसायला बाकं आहेत, आपण हळूहळू फिरू. आई, जाड स्वेटर मी इथे घेते, तू फक्त भाजणी आण. आणि माळ्यावरच्या पेटीतला ताऱ्यांचा तो जुना, घडीवर फाटलेला नकाशा आठवणीनं आणा.

तुमची,
मनू