राहता त्या वॉर्डात मत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधली आपली मराठी मंडळी महाराष्ट्रातल्या निकालांवर रात्ररात्र बोलतात, पण राहत्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे अनेकांना सांगता येत नाही. बर्मिंगहॅमच्या बोर्नव्हिल अँड कॉटरिज वॉर्डात मीही सहा वर्षं तशीच घालवली. मत फक्त ब्रिटिश नागरिकांना, असं मी धरून चाललो होतो. शेजारच्या आजींनी एकदा विचारलं, "भारत कॉमनवेल्थमध्ये आहे ना? मग तुम्हाला मत आहे की!" चौकशी केली, तर खरंच आहे. भारतीय पासपोर्ट आणि इथे राहण्याची वैध परवानगी असलेल्या प्रौढाला महापालिकेलाच काय, पार्लमेंटलाही मत देता येतं. विद्यार्थ्यांनाही, डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांनाही. भारतीय नागरिकत्वाला त्याने काही होत नाही.

आमचा वॉर्ड कॅडबरीच्या कारखान्याचा. जॉर्ज कॅडबरींनी वसवलेली बागांची वस्ती १९०० साली ट्रस्टकडे गेली. पूर्वी शहरात ४० वॉर्ड होते आणि प्रत्येकात तीन नगरसेवक. २०१८ पासून ६९ वॉर्डांत मिळून १०१ आहेत, त्यातले आमच्याकडे दोन. शहराची वस्ती ११ लाखांवर, म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण ११ हजार माणसं. इतक्या माणसांत शे-दोनशे मतांचं वजन किती, हे आपल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

आणि प्रश्न खिशाचाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये खर्चाची तोंडमिळवणी होत नसल्याची नोटीस महापालिकेने काढली. कौन्सिल टॅक्स एप्रिल २०२४ मध्ये ९.९९ टक्के आणि पुढच्या वर्षी ७.४९ टक्के वाढला. मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला आणि फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग साचले. हा टॅक्स घरमालकच नव्हे, भाडेकरूही भरतो. आपण भरतो, मग बोलायचं का नाही?

मे २०२४ मध्ये मी इथे पहिल्यांदा मत दिलं. गुरुवार होता, कामावरून सुटून संध्याकाळी गेलो; केंद्र रात्री दहापर्यंत उघडं असतं. टेबलामागच्या बाईंनी माझा निळा पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला आणि मतपत्रिका हातात दिली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. यंत्र नाही, शाई नाही. रात्री आईने फोनवर आधी बोट दाखवायला सांगितलं. कोरं बोट पाहून तिचा विश्वास बसेना, पण मला फार बरं वाटत होतं.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत होते. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा आणि मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी अर्ज करा. घरी येणारं पोलिंग कार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही, पासपोर्ट न्या. आणि घरातल्या प्रत्येकाने आपापला अर्ज भरावा. नवऱ्याने केला म्हणून बायकोचं नाव यादीत लागत नाही.

आपला,
एक वाचक, बर्मिंगहॅम