जुनी पुस्तकं करून बघणाऱ्यांच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुर्मिळ पुस्तकांची बातमी पेपरात येते ती बहुतेक वेळा लिलावाची नाहीतर वाळवीची. अमुक हस्तलिखित अमुक रकमेला गेलं, तमुक ग्रंथालयात पानं खराब झाली, संपलं. पण ही पुस्तकं उघडून त्यात जे लिहिलंय ते खरोखर करून बघणारी माणसं जगभर आहेत, नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जमणारी, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर जुने कपडे घालून मजा करणारे हौशी लोक या सुरात. मला हे अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. माझं स्पष्ट मत आहे की काही पुस्तकं नुसती वाचून समजतच नाहीत, ती करून बघावी लागतात, आणि हे काम गेल्या तीसेक वर्षांत हौशी मंडळींनी फार मनापासून केलंय.

सगळ्यात ठळक उदाहरण युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचं. मध्ययुगात तिथे दोन हातांनी धरायची लांब तलवार, तलवार आणि छोटी ढाल, खंजीर, कुस्ती हे सगळं शिकवणारे उस्ताद होते आणि त्यातल्या काहींनी चित्रांसकट पुस्तकं करून ठेवली. पुढे बंदुका आल्या, लढाईची रीत बदलली, हलक्या टोकदार तलवारींची फॅशन आली, आणि गुरूकडून शिष्याकडे जाणारी लांब तलवारीची विद्या मधेच तुटली. आज ऑलिंपिकमध्ये जे फेन्सिंग दिसतं ते त्या नंतरच्या हलक्या तलवारीच्या परंपरेतून आलंय, त्यामुळे जुन्या तलवारीबद्दल आजच्या फेन्सिंगवाल्यांना विचारून काही उपयोग नाही. उरलं काय तर कागद.

आणि ते कागद पण कसे वाचले बघा. सध्या माहीत असलेलं युरोपातलं सगळ्यात जुनं तलवारबाजीचं हस्तलिखित चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे, लॅटिनमध्ये, इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आय-३३ या क्रमांकाने ओळखलं जातं. त्यात एक पाद्री आपल्या शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतोय, आणि शेवटच्या पानांवर शिष्याच्या जागी वाल्पुर्गिस नावाची एक बाई लढताना दिसते. हे पुस्तक जर्मनीत गोथाच्या ग्रंथालयात होतं, दुसऱ्या महायुद्धात गायब झालं आणि १९५० मध्ये थेट लंडनच्या लिलावात उगवलं, तिथून संग्रहालयाने घेतलं. मधली काही पानं नाहीत, क्रम बिघडलेला आहे, आणि चित्रातली माणसं सगळी कमरेतून पुढे झुकलेली. आता हे झुकणं म्हणजे खरंच उभं राहायची पद्धत होती की त्या काळचे चित्रकार माणूस असाच काढायचे? खुर्चीत बसून यावर कितीही पानं लिहिता येतील, पण दोन माणसं हातात तलवार-ढाल घेऊन समोरासमोर उभी राहिली की झुकल्याने हात किती लांब पोचतो, पाय किती मागे सुरक्षित राहतो, डोकं किती धोक्यात येतं हे दिसायला लागतं. वाद त्यानेही मिटलेला नाही, पण निदान आता तो कशावरून घालायचा ते कळलंय.

इटलीचा फिओरे दे'ई लिबेरी हा १४१० च्या आसपासचा उस्ताद, त्याची पुस्तकं मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटतात. त्याच्या कामाच्या प्रती लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत. या माणसाने काय केलं तर चित्रातल्या प्रत्येकाचं काम कळावं म्हणून खुणा ठरवल्या, डोक्यावर मुकुट असेल तो उस्ताद, गुडघ्याखाली पट्टा असेल तो त्याचा डाव पुढे चालवणारा शिष्य, आणि मुकुट व पट्टा दोन्ही असेल तो या सगळ्यावर तोड काढणारा. ही खूण कळली की चित्रं भराभर बोलायला लागतात. आणि इथेच एक गोष्ट सांगायची आहे, फिओरेची आणखी एक प्रत खासगी संग्रहात होती आणि कित्येक वर्षं अभ्यासकांना बघायलाच मिळत नव्हती, पण फ्रान्चेस्को नोवाती नावाच्या इटालियन अभ्यासकाने १९०२ मध्ये तिच्या पानांची हुबेहूब छापील आवृत्ती काढून ठेवली होती म्हणून लोकांना तिच्यावर काम करता आलं. मूळ पुस्तक नजरेआड असताना कॉपीने विद्या जिवंत ठेवली.

जर्मन परंपरेत तर मुद्दामच कुलूप घातलंय. योहानेस लिश्टेनाउअर या उस्तादाची शिकवण यमक जुळवलेल्या गूढ ओळींमध्ये आहे, ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडू नये म्हणून झाकून सांगितलेली, आणि नंतरच्या शिष्यांनी त्यावर टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारी स्पष्टीकरणं, लिहिल्या म्हणून आपल्याला काहीतरी उमगतं. त्या टीकांमध्येही रेसिपीत "मीठ चवीनुसार" लिहितात तसला प्रकार, कारण वाचणाऱ्याला आधीच बऱ्यापैकी येतंय हे लिहिणाऱ्याने धरलेलं असतं. पाऊल कुठलं पुढे टाकायचं, अंतर किती, जोर किती, हे तो लिहीतच नाही! मग ही मंडळी काय करतात, एका वाक्याचे तीन-चार अर्थ लावतात, प्रत्येक अर्थ जोडीदाराबरोबर हळू करून बघतात, मग वेगात, मग समोरचा विरोध करत असताना. पुस्तक म्हणतं की या डावाने तुझं डोकं वाचेल आणि समोरच्याला वार बसेल, आणि करताना दर वेळी आपल्यालाच वार बसत असेल तर आपण लावलेला अर्थ बहुतेक चुकलाय. इतकी रोखठोक तपासणी साहित्याच्या किती संशोधनात होते?

लांब तलवारी माणसाला उचलायलाही जड असायच्या हा सिनेमाने पसरवलेला समज सुद्धा संग्रहालयातल्या तलवारी मोजल्याने आणि तशा वजनाच्या करवून वापरल्याने गेला, बहुतेक तलवारी सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरतात. वजन कळल्याशिवाय पुस्तकातला वेग कळत नाही आणि वेग कळल्याशिवाय डाव कळत नाही, सगळं एकमेकात गुंतलंय.

हा प्रयत्न पहिल्यांदा होतोय असंही नाही. इंग्लंडमध्ये एगर्टन कॅसलने १८८५ मध्ये तलवारबाजीच्या जुन्या उस्तादांचा इतिहास लिहिला, अल्फ्रेड हटनने १८९२ मध्ये जुन्या तलवारबाजीवर पुस्तक काढलं, दोघांनी मिळून प्रात्यक्षिकंही केली, पण पुढे ते थंडावलं. माझ्या मते त्याचं एक कारण असं की तेव्हा ही जुनी पुस्तकं बघायला मिळणारे लोक मोजकेच, ते गेले की काम थांबलं. १९९० नंतर जे पुन्हा सुरू झालं ते टिकलं कारण आधी झेरॉक्स आणि मायक्रोफिल्म आणि नंतर ग्रंथालयांनी टाकलेले स्कॅन हजारो लोकांपर्यंत पोचले, कुणी जुनं अक्षर लावून दिलं, कुणी भाषांतर केलं, कुणी त्या भाषांतरातल्या चुका काढल्या, तेही बहुतांशी फुकट.

तलवारीचं नको असेल तर औषधाचं घ्या. ब्रिटिश लायब्ररीत दहाव्या शतकातलं एक वैद्यकाचं पुस्तक आहे, बाल्ड नावाच्या मालकामुळे ओळखलं जातं. त्यात डोळ्याच्या रांजणवाडीसारख्या त्रासावर एक मलम दिलंय, लसूण, कांद्याच्या जातीचं काहीतरी, वाईन आणि बैलाचं पित्त, पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठात जुनी इंग्लिश जाणणाऱ्या क्रिस्टिना ली आणि जंतूंवर काम करणाऱ्या फ्रेया हॅरिसन यांनी मिळून ते जमेल तितकं तंतोतंत बनवलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. यातल्या हॅरिसन यांना त्या जुन्या काळातलं जगणं प्रत्यक्ष करून बघायचीच आवड, त्यातूनच त्या जुनी भाषा वाचायला आल्या होत्या. कांदा की लीक (कांद्याच्याच जातीची पातीची भाजी) हे नक्की नव्हतं तर दोन्ही वापरून वेगवेगळं बनवलं. आणि प्रयोगशाळेत त्या मलमाने औषधांना दाद न देणारे हट्टी जंतू मारले. २०२० च्या पुढच्या अभ्यासात दिसलं की जंतूंचा चिकट थर तोडायला एकटा लसूण पुरत नाही, सगळे घटक एकत्र लागतात, म्हणजे कृती जशी लिहिली तशीच करण्यात अर्थ होता. (हे घरी करून डोळ्यात घालायचं नाही, हे कळकळीने सांगतो.)

आता दुसरी बाजू पण बोलली पाहिजे, कारण मला या लोकांबद्दल प्रेम असलं तरी त्यांची एक सवय खटकते. अंदाजाने बसवलेलं काही वर्षांत "अस्सल" म्हणून खपायला लागतं. व्हेनिसमध्ये १५३५ ला सिल्वेस्त्रो गनास्सीने रेकॉर्डर या बासरीसारख्या वाद्यावर पुस्तक छापलं, त्यात वरचे सूर काढायला बोटं कशी ठेवायची याचे तक्ते आहेत. १९७० च्या दशकात फ्रेड मॉर्गन या ऑस्ट्रेलियन कारागिराने ते तक्ते आणि व्हिएन्नातलं एक जुनं वाद्य यावरून नवं रेकॉर्डर घडवलं, आवाज इतका छान की जगभर लोकांनी उचललं आणि गनास्सीचंच नाव त्याला चिकटलं. पण त्या काळी सगळीकडे असलंच रेकॉर्डर वाजायचं का, यावर जाणकारांनी नंतर बऱ्याच शंका काढल्या. वाद्य उत्तम आहे, मॉर्गनचं काम थोरच आहे, फक्त त्यात पुस्तक किती आणि कारागीर किती हे घेणाऱ्याला सांगितलं गेलं पाहिजे. तलवारवाल्यांचंही तेच, मास्क आणि जाड ग्लोव्ह घालून स्पर्धेत माणूस जी जोखीम घेतो ती धारदार पात्यासमोर कुणी घेणार नाही, तेव्हा स्पर्धेत चाललेला डाव म्हणजे पुस्तकातलाच डाव असं छातीठोकपणे म्हणू नये.

हे नीट कसं करता येतं त्याचा नमुनाही आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या शेवटचं, तुलूझकडच्या एका अनाम माणसाने लिहिलेलं कारागिरीचं हस्तलिखित आहे, रंग, ओतकाम, साचे, काय वाट्टेल ते त्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात पामेला स्मिथ यांनी २०१४ पासून विद्यार्थ्यांकडून त्यातल्या कृती करवून घेतल्या. त्यातली एक अशी की भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाच्या मऊ गरात वस्तू दाबून साचा करायचा आणि त्यात गंधक किंवा मेण ओतायचं, वाचायला अगदी वेडगळ वाटतं पण मुलांनी पाव भाजून ते केलं आणि ठसे उमटले. २०२० मध्ये पूर्ण मजकूर, भाषांतर आणि प्रयोगांवरचे लेख सगळ्यांसाठी खुले केले, काय केलं, कुठे अडलं, काय बदललं यासकट.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. ज्या ग्रंथालयांकडे अशी तंत्राची, खेळाची, वाद्याची, नाचाची जुनी पुस्तकं आहेत त्यांनी चांगले स्कॅन फुकट आणि पूर्ण द्यावेत, नुसती चार देखणी पानं नाही, कारण करून बघणाऱ्याला नेमकं ते डाग पडलेलं कंटाळवाणं पान लागतं. आणि करून बघणाऱ्यांनी प्रत्येक कृतीसोबत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात, पुस्तकात काय आहे, आम्ही काय धरून चाललो, आणि काय जमलं नाही. तिसरी सगळे गाळतात, आणि पुढच्याला सगळ्यात जास्त तीच लागते.

आपला,
एक वाचक